डेम्प्सी कोपऱ्यात गेला नाही

अमरावती,
१४ नोव्हेंबर १९३७

हऱ्या,

दिवाळीचे चार दिवस तुमच्या घरी जेवलो, झोपलो, अनारशांचा डबा रिकामा करून आलो. तेव्हा आधी आभार मान, असं आई म्हणते. मानले. आता भांडणाचं बोलू.

तू ओसरीवर सगळ्यांदेखत म्हणालास की मुष्टियुद्धाचा हल्लीचा जगज्जेता जो लुई आणि जुना जगज्जेता जॅक डेम्प्सी दोघेही ऐन उमेदीत समोरासमोर आले असते, तर डेम्प्सी सहा फेऱ्यांत आडवा झाला असता. तुमचं घर, तुमचे अण्णा समोर, म्हणून मी गप्प बसलो. बडनेऱ्याला गाडी बदलेपर्यंत कान तापलेले होते.

अरे, विलर्डसारख्या ताडमाड माणसाला पहिल्याच फेरीत सात वेळा लोळवणारा गडी आहे हा! फिर्पोनं त्याला दोरांबाहेर फेकलं, तर हा परत वर चढून आला आणि दुसऱ्या फेरीत त्याचा निकाल लावला. आणि तुझा लुई? परवा जूनमध्ये गादीवर बसला, तोही त्या ब्रॅडॉकच्या हातून आधी एकदा खाली बसून. ऑगस्टमध्ये फार नावाच्या माणसानं त्याला पंधरा फेऱ्या घाम गाळायला लावला. डेम्प्सीपुढे लुई तीन फेऱ्या. चौथीची घंटा वाजवायची गरज नाही.

मी कॉलेज कशापायी सोडलं ते तू जाणतोस. वर्गातल्या त्या भगवंतानं डेम्प्सीला रडतराऊत म्हटलं आणि मी त्याचा ओठ फोडला. प्रिन्सिपॉल म्हणाले, माफीची एक ओळ लिहून दे, प्रकरण मिटवतो. मी म्हणालो, ओळ कशाला, ओठ त्याचा तो शिवून घेईल. तेव्हापासून सकाळी आखाड्यात पोरांना ठोसे शिकवतो आणि दिवसभर काकांची बोलणी खातो. तर असल्या माणसापुढे डेम्प्सीबद्दल बोलताना जरा जपून.

तुझा,
कमलाकांत

ता. क. शेवटल्या दिवशी चहा आणला तेव्हा तुझ्या बहिणीनं एक प्रश्न विचारला होता. पडलेल्या माणसाला दहा मोजतात, तेवढ्या वेळात पाडणाऱ्यानं काय करायचं असतं? इतक्यात अण्णा आले आणि उत्तर राहून गेलं. तिला सांग, काही करायचं नसतं. नुसतं उभं राहायचं.


जुने शहर, अकोला,
२२ नोव्हेंबर १९३७

कमलाकांता,

तुझं पत्र आलं तेव्हा लखोटासुद्धा गरम लागला. बरं, तू मासिकांचा गठ्ठा इथेच विसरून गेलास, तो काही वाया गेला नाही. आमच्या घरातल्या एका जाणत्या माणसानं तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला. तुझं पत्रही त्याला वाचून दाखवलं. त्याचं म्हणणं मी खाली उतरवतो. त्यात माझं काही नाही, त्यामुळे माझ्यावर ओरडू नको.

'ताज्या कलमातलं उत्तर चूक आहे. नुसतं उभं राहायचं नसतं. दहा वर्षांपूर्वी शिकागोला टनी आणि डेम्प्सी लढले. गादी तेव्हा टनीकडे होती आणि डेम्प्सी ती परत घ्यायला आला होता. सातव्या फेरीत त्यानं टनीला पाडलं. नियम असा की पाडणाऱ्यानं लांबच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं; तोवर पंच मोजायला लागत नाही. डेम्प्सी गेलाच नाही. टनीच्या अंगावर उभा राहिला, उठला की पुन्हा हाणायचं म्हणून. पंच कोपऱ्याकडे बोट दाखवत राहिला. चार-पाच सेकंद अशी गेली, मग मोजणं सुरू झालं. टनी नवाला उठला आणि शेवटी जिंकला. म्हणून डेम्प्सी लुईला पाडील, कबूल. जिंकणार मात्र नाही. त्याला कोपऱ्यात जाता येत नाही.'

काय, आहे उत्तर?

जाणतं माणूस कोण, ते विचारू नको. सांगायची परवानगी नाही.

तुझा,
हरिहर


अमरावती,
५ डिसेंबर १९३७

हऱ्या लेका,

मी ओळखलं! ही उलटतपासणी तुझ्या अण्णांशिवाय कोणाची? अकोला कोर्टात तीस वर्षं घासलेली जीभ आहे ती. वरून करडे दिसणारे मोरोपंत वकील मागल्या खोलीत मुष्टियुद्धाची मासिकं वाचतात! मला त्यांच्याबद्दल एकदम जिव्हाळाच वाटायला लागला. त्यांना माझा नमस्कार सांग. आणि हेही सांग की टनी चौदा सेकंद पडून होता, म्हणजे खरा विजय डेम्प्सीचाच. नियम कारकुनांसाठी असतात.

आखाड्यात सूर्यभान उस्तादांना विचारलं. ते कामठीच्या पलटणीत असताना गोऱ्या शिपायांकडून हे सगळं शिकले. वाटलं, ते तरी माझ्या बाजूनं बोलतील. तर मिशीला पीळ देत म्हणतात, "बापू, माराले अक्कल नाई लागत. मारून मांगं सराले लागते." म्हातारे झाले उस्ताद.

आता खरं सांगतो. हे पत्र डेम्प्सीसाठी नाही. तू समोर असतास तर माझ्याच्यानं हे बोलवलं नसतं. मला प्रमोदिनीशी लग्न करायचं आहे. हसू नको. चहाची कपबशी ठेवताना तिनं तो प्रश्न विचारला आणि उत्तरासाठी थांबली ना, तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. परवा आखाड्यात एका पोराला ठोसा चुकवायला शिकवताना मीच तो नाकावर खाल्ला. घरचं बोलणं एकच, काका म्हणतात जात-गोत्राला अडचण नाही, पण तुझ्या कपाळावर 'कॉलेज सोडलेला' असं लिहिलंय, तुला कोण पोरगी देईल?

अण्णा माझ्यासारखेच डेम्प्सीचे अभ्यासू निघाले, त्यामुळे मला धीर आलाय. तू त्यांच्या कानावर घाल. आज घाल.

कमलाकांत


जुने शहर, अकोला,
१९ जानेवारी १९३८

कमलाकांता,

उशीर झाला, कारण सांगण्याजोगं काही घडेपर्यंत लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

घातलं कानावर. पहिल्या दिवशी अण्णा म्हणाले, "तो ओठ फोडणारा?" आणि पुढे आठ दिवस माझ्याशी फक्त कोर्टाच्या कामापुरतं बोलले. मग आई बोलली. मग तुमच्या गल्लीतली विमलमावशी संक्रांतीला इकडे आली, तिनं तुझी आई, तुझा काका, तुझा आखाडा, सगळ्याची हकीकत सांगितली. "पोरगं तापट आहे, पण लबाड नाही," म्हणाली. काल जेवताना अण्णांनी भाताची मूद फोडता फोडता विचारलं, "त्याची पत्रिका मिळेल का?"

कमळ्या, याचा अर्थ तुला कळतो ना? मुलीचा बाप पत्रिका मागतो तेव्हा तो अर्धा वाकलेला असतो. मावशी येत्या आठवड्यात तुझ्या आईकडून ती नेईल. जोशीबुवा सध्या नाशिकला आहेत. ते परतले की बसतील.

आता नीट ऐक. इथून पुढे तुला काहीही करायचं नाही. आपल्याकडे मुलीकडचे येतात आणि मुलाकडचे घरी बसून वाट पाहतात. तू येऊ नको. अण्णांना लिहू नको. मलाही फार लिहू नको. खामगावच्या एका डॉक्टरचीही पत्रिका आली आहे, ती अण्णांनी कपाटात ठेवून दिली. मुद्दाम सांगतो, म्हणजे दुसरीकडून कळून तू भडकायला नको.

जाणत्या माणसाचा निरोप : 'नियम कारकुनांसाठी असतात, असं तिकडे म्हणतात हे कळलं. आमच्या मते नियम म्हणजे पडलेल्याला उठायची आणि पाडणाऱ्याला थंड व्हायची मुभा.'

हरिहर


अमरावती,
२० फेब्रुवारी १९३८

हऱ्या,

एक महिना झाला! पत्रिका नेऊन तीन आठवडे झाले! नाशिकला काय जोशीबुवा गोदावरी उपसून राहिलेत?

तू म्हणतोस गप्प बस. कसा बसू? काल बाजारात तुमच्याकडला एक ओळखीचा भेटला. म्हणाला, वकीलसाहेबांच्या बैठकीवर खामगावची माणसं दिसतात हल्ली. कपाटात ठेवलेली पत्रिका बाहेर निघाली वाटतं. तुला माहीत असूनही तू लपवतोस. डॉक्टर आहे, मोटार असेल, ओठ कोणाचे फोडत नसेल, उलट शिवत असेल!

अण्णांनाही मी ओळखून आहे. पहिल्या पत्रापासून ते टनीची बाजू घेतात. थंड, हिशेबी, पाय मागे घेत लढणारा. जावईही तसलाच हवा असणार. पण माझा खेळ तसा नाही. डेम्प्सीनं वाट पाहिली असती तर विलर्ड अजून उभा असता.

शिवरात्रीला कोर्टाला सुटी असते. मी येतो आहे.

कमलाकांत


जुने शहर, अकोला,
४ मार्च १९३८

कमलाकांत,

मी बाहेरगावी होतो, म्हणून तुझं वीस तारखेचं पत्र शिवरात्रीच्या आदल्या दिवशी परतल्यावर हातात पडलं. उलट टपाली अडवायला वेळ उरला नव्हता. स्टेशनवर गेलो, तर तू आधीच्या गाडीनं उतरून टांगा केला होतास. मी धापा टाकत घरी पोचलो तेव्हा तू ओसरीची पायरी चढत होतास. पुढचं तू पाहिलंस, पण मला नाही वाटत तुला काही दिसलं.

म्हणून मी लिहितो. बैठकीवर अण्णा, जोशीबुवा आणि मुंडासं बांधलेले एक गृहस्थ होते. मध्ये पत्रिका पसरलेली. अण्णा तुला बघून दचकून उभे राहिले, पण रागावले नाहीत. मी त्यांचा मुलगा आहे, मला त्यांचा चेहरा कळतो. "या, बसा," म्हणाले.

"बसायला आलो नाही," तू म्हणालास. मग त्या मुंडासेवाल्यांना, "आपण कुठले?"

"मी खामगावचा," ते बिचारे म्हणाले.

बस. तुला तेवढं पुरलं. "ही पत्रिका कोणाची?" म्हणून ओरडलास. अण्णा चक्क गालात हसले. "सांगू की, वेळ आली म्हणजे," म्हणाले. आणि तू म्हणालास, "वेळ कसली? तुम्ही पहिल्यापासून टनीचे वकील आहात, हे ठाऊक आहे मला!"

अण्णा माझ्याकडे वळले. "कोण टनी? कोणत्या कोर्टातलं प्रकरण?"

तेवढ्यात तू पत्रिका उचललीस आणि टराटरा फाडलीस. मुंडासेवाले ताडकन उठले. "आवो, हे काय करून राह्यले तुमी? मी त माह्या वावराच्या दाव्यापायी आलतो!"

जोशीबुवांनी एक तुकडा उचलून नाकाजवळ धरला आणि हलकेच म्हणाले, "अहो, ही तुमचीच की हो. छत्तीसपैकी सत्तावीस गुण जुळत होते."

तुझीच पत्रिका, कमळ्या. तुझ्या आजोबांनी मांडलेली. शिवरात्रीच्या दिवशी, नवऱ्या मुलाच्या हातानं, मुलीच्या दारात.

अण्णा मटकन खाली बसले. त्या वेळी तू मुकाट मागे फिरला असतास, तरी काही तरी शिल्लक राहिलं असतं. आई दारामागून तुला हातानं खुणावत होती, जा, जा म्हणून. तू गेला नाहीस. तू त्यांच्या समोर उभा राहून बोलत राहिलास. चुकलो म्हणालास, पण वरच्या आवाजात. माझ्यावर प्रेम आहे की नाही ते तिलाच विचारा म्हणालास. भर ओसरीवर, परक्या माणसासमोर, तिचं नाव घेऊन. तू बोलत होतास आणि अण्णा हळूहळू उठत होते. पूर्ण उठले, तेव्हा त्यांचा चेहरा कोर्टातला झाला होता. "हरिहर, यांना गाडीची वेळ सांग," एवढंच म्हणाले.

मलाही आता काही दिवस लिहू नको. मीच कानावर घातलं होतं, हे मला रोज आठवतं.

हरिहर


अमरावती,
९ मार्च १९३८

हरिहर,

माझ्याकडून चूक झाली. लाख वेळा झाली. पण मला एक सांग, पत्रिका माझ्या बाजूनं उलटी होती, मला नाव दिसलं नाही, तुझ्या अण्णांनी सरळ 'तुमची आहे' म्हणून सांगितलं असतं तर काय जिभेला काटा रुतला असता? हसले कशाला?

बघ, पुन्हा तेच. लिहून झालं आणि वाचलं तेव्हा कळलं. खोडत नाही. असाच आहे मी.

आईला अजून सांगितलेलं नाही. तिला वाटतं जोशीबुवा नाशिकलाच आहेत. दुसरी पत्रिका करावी म्हटलं, तर तिला माझी नेमकी वेळ आठवत नाही. "दिवेलागणीची, गाई येत होत्या" एवढंच म्हणते. नेमकं आजोबांना ठाऊक होतं आणि त्या कागदाला.

अण्णा टनीला ओळखतसुद्धा नाहीत, मग जाणतं माणूस कोण?

कमलाकांत


अमरावती,
१७ एप्रिल १९३८

हरिहर,

उत्तर नाही. मागच्या दोन पत्रांनाही नाही. परवा विमलमावशी रस्त्यात भेटली, मान फिरवून गेली. लग्नसराई चालू आहे, रोज कुठून तरी सनईचा आवाज येतो आणि प्रत्येक वेळी वाटतं ती अकोल्याहूनच येते. नुसतं 'नाही' लिही. किंवा 'झालं' लिही. मला पडूनच राहायचंय, पण कोणी मोजेल तर ना.

क.


जुने शहर, अकोला,
२९ जून १९३८

कमलाकांत यांस,

मी असं परस्पर पत्र लिहिणं बरं नव्हे. दादाला सांगून, त्याच्याच लखोट्यात घालते आहे. उत्तर माझ्या नावानं पाठवू नये.

जाणतं माणूस मी. मासिकं आधी केळी झाकायला घेतली होती, मग चित्रं बघितली, मग वाचायला लागले. इंग्रजी अडलं तिथे दादाला विचारलं. तुम्ही अण्णांना टनीचे वकील म्हणालात तेव्हा मी दारामागे होते. माझ्या गमतीनं ते झालं, याची बोचणी मला आहे. दादा नाव लपवू नको म्हणत होता, मीच हट्ट केला.

आता घडलं ते लिहिते. त्या दिवशी तुम्ही गेल्यावर अण्णांनी कपटे गोळा केले. चुलीत घालतील असं वाटलं होतं. त्यांनी ते पंचांगात ठेवले. मार्च गेला, एप्रिल गेला. दोन स्थळं येऊन गेली, खामगावचंही. अण्णा प्रत्येकाला म्हणाले, बघू. मे महिन्यात मी पंचांगातून कपटे काढले आणि पिठाची खळ करून जुन्या नकाशाच्या पाठीवर चिकटवायला बसले. पाच दिवस लागले. चौथ्या दिवशी अण्णा मागे येऊन उभे राहिले. मला वाटलं आता ओरडतील. बराच वेळ बघून म्हणाले, "एक तुकडा कमी आहे." आणि निघून गेले.

खरंच कमी आहे. खालचा उजवा, जन्मवेळेचा. सगळी ओसरी झाडली, टांगेवाल्यालासुद्धा विचारलं. मला वाटतं तो तुमच्या मुठीत गेला. कोटाचा खिसा बघावा.

परवा अण्णांनी स्वतःहून जोशीबुवांना निरोप पाठवला. रविवारी सकाळी बसणार आहेत. आषाढी जवळ आली, पुढे चार महिने काही ठरत नाही. वेळ नसेल तर जोशीबुवा पुढे वाचणार नाहीत, आणि मग अण्णा खामगावला होकार देतील. तसं ते आईला म्हणाले आहेत.

तुकडा सापडला तर टपालानं पाठवावा. स्वतः आणू नये. हे मी शंभरदा लिहीन. तुम्ही पायरीवर दिसलात की अण्णा उठतील. ते आत्ता कुठे बसलेत.

मागल्या आठवड्यात लुईनं जर्मन श्मेलिंगला पहिल्याच फेरीत संपवलं, असं दादानं वर्तमानपत्रातून वाचून दाखवलं. दोन वर्षांपूर्वी त्याच श्मेलिंगकडून तो हरला होता. दोन वर्षं थांबला. मला तुम्हाला हरवायचं नाही, पण डेम्प्सीबद्दलचं माझं मत बदललेलं नाही.

प्रमोदिनी


बडनेरा स्टेशन,
१ जुलै १९३८, दुपार

हरिहर,

तुझा लखोटा सकाळी मिळाला. आतल्या पत्राचं उत्तर आतल्या माणसाला द्यायचं नाही, म्हणून तुला देतो. तिला वाचून दाखव, नाही तर तसंच तिच्या हातात दे.

कोट त्या दिवसापासून खुंटीला होता. घातलाच नाही. उजव्या खिशात तुकडा मिळाला, चुरगाळलेला, आजोबांच्या बोरूच्या अक्षरात. 'सूर्यास्तात् गत घटी' आणि पुढे आकडे. आईला दाखवला. ती आधी रडली, मग तिनं मला एक थोबाडीत दिली. पंचवीस वर्षांतली पहिली. मी खाली मान घालून उभा राहिलो.

आता खरं सांगतो. ते 'स्वतः आणू नये' मी शंभरदा वाचलं आणि तरी तिकीट अकोल्याचं काढलं. वाटलं, टपाल चुकलं तर? पोस्टमन उशिरा आला तर? दारापर्यंतच जाईन, तुझ्या हातात देईन, पायरीला पाय लावणार नाही. अमरावतीच्या गाडीत सारखं मनात तेच, पायरीला पाय लावणार नाही. मग बडनेऱ्याला उतरलो, फलाटावर मेलची वाट बघत उभा राहिलो आणि मला माझी मूठ दिसली. तुकडा मी परत मुठीतच धरला होता. घामानं 'घटी'ची वेलांटी थोडी पसरलीय. जोशीबुवांना वाचता येईल, मी दोनदा बघितलं.

स्टेशनच्या पोस्टातून लखोटा घेतला. तुकडा आत घातलाय, पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये, दुमडू नये म्हणून. हे पत्रही त्यातच. मेलच्या टपालडब्याला पेटी असते, त्यात स्वतः टाकीन. उद्या सकाळी तुला मिळेल. रविवारच्या आत.

कॉलेजला लिहायची ती एक ओळ अजून लिहिलेली नाही. एका दिवसात दोन कोपरे मला झेपणार नाहीत. पण कागद विकत घेतलाय.

आणि जाणत्या माणसाला सांग, डेम्प्सी लुईला तीन फेऱ्यांत पाडेल, हे माझं अजूनही ठाम मत आहे. पुढचं मी आता बोलत नाही.

गाडीची घंटा झाली. ती तुमच्याकडे जाईल. मी इथे, पाण्याच्या टाकीजवळ, फलाटाच्या पार टोकाला उभा राहणार आहे, ती सुटून दिसेनाशी होईपर्यंत. मोजणारा इथून दिसत नाही. मोजतो आहे की नाही, तेही ऐकू येत नाही.

कमलाकांत